विंडोज नवीन टाकलं आणि वाय-फाय गेलं? लगेच नवा ॲडॅप्टर घेऊ नका!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तुमच्या दुकानातही कॉम्प्युटर फॉरमॅट करायचं चाललं असेल. त्यानंतर वाय-फाय दिसेनासं झालं, की आपण म्हणतो, "ॲडॅप्टर गेला!" माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा ॲडॅप्टर ठणठणीत असतो, नसतो तो ड्रायव्हर.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेचा 'नेटवर्क कंट्रोलर' दिसला तर ड्रायव्हरच हवाय. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि विंडोज अपडेट चालवा. नाहीच मिळाला, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्या. यादीत काहीच दिसत नसेल, तरच हार्डवेअरवर शंका घ्या.

पण खरा मुद्दा तयारीचा आहे. दिवाळीत डोंबिवलीच्या फडके रोडवर बिलिंग अडलं, तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं. म्हणून फॉरमॅटआधीच वाय-फायचा ड्रायव्हर आणि बिलिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि हे काम गर्दीच्या दिवशी काढूच नका.

फॉरमॅट टेक्निशियन मारतो, पण बंद काउंटरचा तोटा मालकाचा असतो!