दोष शोधण्याचेही प्रात्यक्षिक हवे

आमच्या पदार्थविज्ञान विभागात एक जुना वर्णपटमापक आहे. त्याच्याकडून आकडे उतरवून घेणारा प्रोग्रॅम डॉस प्रणालीचा. तो ज्या संगणकावर चाले, त्या संगणकाने गेल्या वर्षी कायमचा राम म्हटला. उपकरण धडधाकट, पण त्याची भाषा जाणणारा कोणी उरला नाही. तेव्हा ते भंगारात काढावे, अशी चर्चा सुरू झाली. मी सरांकडे पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

डॉसबॉक्स नावाचा एम्युलेटर 2002 पासून उपलब्ध आहे. आजच्या संगणकात राहून तो जुन्या संगणकाचे सोंग वठवतो. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्याला दुभाष्याचे काम निराळे समजावून सांगायला नको. माझ्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्याने मध्ये यूएसबीची जोडकेबल घातली आणि प्रोग्रॅम चालू झाला! परंतु जो वर्णपट पूर्वी आठ-नऊ सेकंदांत उतरे, त्याला आता मिनिटाहून अधिक वेळ लागू लागला.

मग काय, सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, "एम्युलेटरचा वेग वाढव." कोणी म्हणाले, "लॅपटॉपच नवा घे." मी सायकल्सचा आकडा वाढवत गेलो. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. वेळ मात्र तेवढाच. प्रयोगशाळेतले मामा हसून म्हणाले, "पोरा, गाडी अडलीय कुठं ते आधी बघ की!"

अखेर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पोर्टचा वेग 9600 बॉड. प्रत्येक अक्षरामागे आरंभाचा 1, मजकुराचे 8 आणि समाप्तीचा 1 असे 10 बिट जातात. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे, एका अक्षराला साधारण 1 मिलिसेकंद. आमच्या प्रोग्रॅमची रीत अशी, की उपकरणाने एक अक्षर धाडायचे, प्रोग्रॅमने त्याची पोच द्यायची, मगच पुढचे अक्षर. एका वर्णपटात 4,000 अक्षरे. जाण्यायेण्याचे 2 मिलिसेकंद धरले, तर 8 सेकंद. जुना हिशेब तंतोतंत जुळला.

मग उरलेला वेळ जातो कुठे? तो जोडकेबलीत जात होता. अशा केबलींतील एका प्रचलित चिपला आलेली अक्षरे साठवून एकगठ्ठा पुढे पाठवण्याची सवय असते. गठ्ठा भरला नाही, तर ती मूळ मांडणीनुसार 16 मिलिसेकंद वाट पाहते. मोठ्या फायलीला हे सोयीचे; पण आमचे अक्षर एकटेच येई, आणि पोच मिळेपर्यंत दुसरे येणार नसे! 4,000 गुणिले 16 मिलिसेकंद म्हणजे 64 सेकंद. चोर सापडला. केबलीच्या पोर्ट सेटिंग्जमध्ये 16 चा 1 केला आणि तोच वर्णपट सोळा-सतरा सेकंदांत उतरला. जुन्या यंत्राची बरोबरी झाली नाही, पण उपकरण भंगारातून वाचले.

विद्यार्थिमित्रहो, ही शेखी मिरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. मला सल देणारी गोष्ट निराळीच आहे. तीन वर्षे मी प्रात्यक्षिके केली. प्रत्येक वेळी उपकरण जुळवून ठेवलेले आणि उत्तर आधीच ठाऊक. वाचन जुळले की गुण मिळाले; नाही जुळले, तर शेजारच्या वहीतून जुळवून घेतले. (खोटे कशाला बोलू?) ते का जुळले नाही, हे शोधायला कोणी सांगितले नाही आणि त्याला गुणही नव्हते. म्हणूनच पहिले आठ दिवस मी नुसती बटणे फिरवत राहिलो. वेग कमी असणे आणि वाट पाहण्यात वेळ जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पदवीच्या शेवटच्या वर्षी एका केबलीने मला शिकवले.

अभ्यासक्रम मोठा असतो, वेळ अपुरा असतो, हे प्राध्यापकांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही प्रत्येक सत्रात निदान एक प्रात्यक्षिक असे असावे, की ज्यात उपकरण मुद्दाम बिघडवून हाती दिले जाईल. विद्यार्थ्याने अंदाज मांडावा, मोजावे, चुकला तर तसे वहीत लिहावे, आणि गुण त्या शोधाला मिळावेत. याला खर्च काहीच नाही. बिघडलेल्या उपकरणांची आपल्या प्रयोगशाळांत वाण आहे, असेही नाही!