घराची किल्ली कोणाच्या कनवटीला?

घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत जी उत्तुंग वसाहत उभी राहिली, तिच्यातील सुखवस्तू मराठी कुटुंबांना हिमालयाचे वेड लागले आहे, आणि ते वेड निंद्य ठरविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. स्पितीतील वा कुमाऊँतील एखाद्या खेड्यात गृहस्थाच्या चुलीशेजारी बसून चार दिवस जेवून आलेली माणसे परतल्यावर थोडी कमी बोलतात, एवढा लाभही माझ्या मते लहान नव्हे. परंतु ग्रामपर्यटनाचा विषय निघाला की याच मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो की पाहुण्याकडून पैसे घेऊन घरात उतरवून घेणे म्हणजे अतिथिधर्माचा बाजार मांडणे होय आणि त्याने खेडे नासते. दुसरा तट म्हणतो की ‘होमस्टे’ अशी पाटी लागली की पर्यटन आपोआप सात्त्विक होते. दोन्ही मते मला अग्राह्य वाटतात. पैकी पहिले अधिक प्रतिष्ठित असल्यामुळे त्याचा समाचार आधी घेतो.

आतिथ्यात पैसा शिरला तो आजच, अशी या आक्षेपकांची समजूत दिसते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे यात्रेकरू पिढ्यानपिढ्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरीच उतरत आले; उपाध्यायांच्या घरची माणसे त्यांना जेवू घालीत, घरातल्या जुन्या चोपड्यांत त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे दाखवीत, आणि निघताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा घेत. त्या व्यवहारात लोभ होता, भांडणे होती, क्वचित फसवणूकही होती. पण म्हणून त्या घरांचे घरपण गेले, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत किंवा कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत कित्येक वर्षे गिर्यारोहक ओसरीवर पथारी टाकून पिठले-भाकरी खात आले आहेत, आणि त्या भाकरीचे पैसे घेणाऱ्या माउलीच्या मनात पाप आहे असे म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही. श्रीमंताने फुकट वाढावे आणि गरिबाने मोल घेऊ नये, या अपेक्षेतच काहीसा उद्दामपणा आहे.

‘खेड्याचे प्रदर्शन होते’ हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र विचारार्ह आहे, आणि त्याचे उत्तर लडाखातच सापडते. हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रुंबक नावाचे अगदी मोजक्या घरांचे गाव आहे. तेथे हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरून शेळ्यामेंढ्यांचा फडशा पाडी, आणि एका रात्रीत वर्षाची पुंजी गमावलेला मेंढपाळ त्या जनावराच्या जिवावर उठे. या शतकाच्या आरंभी हिमबिबट्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने तेथील कुटुंबांना आपल्याच घरातील एखादी खोली पाहुण्यांना देण्यास सुचविले. पाहुणा कोणत्या घरी जावयाचा हे पाळीने ठरते, म्हणजे ज्याचे घर वाटेवर तोच गबर झाला असे होत नाही; उत्पन्नातील काही भाग गावाच्या कामासाठी बाजूला पडतो; आणि वाटेवर गावच्या बायका पॅराशूटच्या कापडाचे तंबू उभारून चहा विकतात. बिबट्या जिवंत असण्यात गावाचा हिशेब बसू लागला. यात प्रदर्शन कोठे आहे? ज्याचे घर आहे तोच घरात राहतो, कोणाला किती दिवस ठेवावयाचे हे तोच ठरवितो, आणि न आवडलेल्या पाहुण्याला वाट दाखविण्याचा अधिकारही त्याचाच राहतो. प्रदर्शन मांडले जाते ते दुसऱ्याच्या इच्छेने, आणि तेथे प्रेक्षक हटविण्याचा अधिकार वस्तूला नसतो.

आता दुसरा तट. त्याच्यासाठी लडाखपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या खिडकीतून दिसणारा येऊरचा डोंगर पुरे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या पट्ट्यात वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत, रात्री बिबट्याही फिरतो, आणि त्याच्यासाठी वाघदेवाला शेंदूर फासण्याची चाल अद्याप पुरती मोडलेली नाही. म्हणजे रुंबकची सारी सामग्री येथे सिद्ध आहे. तरीही शनिवारच्या रात्री येथे काय मिळते? बंगल्याच्या हिरवळीवर वाजणारा कर्णा, टर्फवरचा पांढराफटक उजेड, आणि पहाटे उरलेल्या बाटल्या. या जागांपैकी काहींवर ‘निसर्गाच्या कुशीतील घरगुती मुक्काम’ असेही लिहिलेले असते. त्या घरातील गृहस्थ मात्र मुंबईत किंवा ठाण्यात असतो आणि पाड्यावरचा माणूस तेथे फार तर पहारेकरी, माळी, भांडी घासणारी बाई एवढ्याच नात्याने शिरतो.

हे घडले कसे, याची कथा पर्यटनखात्यापेक्षा महसूलखात्याच्या दप्तरात अधिक सापडेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची आहे. तिच्यातील कलम 36 आणि 1974 मध्ये घातलेले कलम 36-अ यांनी आदिवासी खातेदाराची जमीन सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यास मज्जाव केला, आणि गेलेली जमीन परत देण्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदाही झाला. पण कायदा सातबाऱ्यावरचे नाव पाहतो. वहिवाट, मुखत्यारपत्र, तोंडी करार या आडवाटांनी जमिनीचा उपभोग एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे अशी स्थिती निर्माण करता येते. ज्याच्या हातून जमिनीचा कब्जा गेला त्याच्या हातून यजमानपणही जाते, आणि मग डोंगरावर कितीही पाहुणे आले तरी पाड्याची चूल त्यांच्यासाठी पेटत नाही.

म्हणून माझा पक्ष असा आहे की ग्रामपर्यटनाचे बरेवाईट पाहुण्यांच्या संख्येवरून किंवा घराच्या शैलीवरून ठरवू नये. घराची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे एवढे पाहावे. आश्चर्य असे की सरकारला हे ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत घरमालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि खोल्या सहांपेक्षा जास्त असू नयेत, अशी अट आहे. उत्तराखंडाने 2018 मध्ये आणलेल्या गृहनिवास योजनेतही मालकाने कुटुंबासह तेथे राहण्याची अपेक्षा आहे. नियम शहाणा आहे. तो तपासण्याचा कंटाळा मात्र सर्वत्र सारखा आहे.

‘गावकऱ्यांच्या हाती दिले तरी गर्दी होणारच’ असे कोणी म्हणेल. होते, भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी मोटारींच्या रांगा लागतात आणि त्यांच्या दिव्यांनी काजव्यांचाच लपंडाव मोडतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडीच्या महादेव कोळ्यांनी पाहुण्यांचे जेवण घरोघर वाटून घेण्याची रीत बसविली. तेथे जाणारा मनुष्य कोणाच्या तरी घरचा पाहुणा असतो, त्यामुळे त्याला निदान आवाज खाली ठेवण्याची लाज वाटते. मोटारीतून उतरून मोटारीतच परतणाऱ्याला तसा कोणी यजमानच नसतो.

येऊरपुरता एक आक्षेप उरतो: 2016 पासून राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पट्टा पर्यावरण-संवेदनशील घोषित आहे, तेव्हा येथे मुक्कामच कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि मी नव्या विटेचीही मागणी करीत नाही. पावसाच्या तोंडी पाड्यावरच्या बायका घोडबंदर रस्त्याच्या कडेला शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ घशाला खाजते. त्यात काकडे नावाची आंबट रानफळे घातली की ते सोसते. जुडीबरोबर मूठभर काकडे न मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विकणारी बाई स्वतःहून विचारते, ‘पयल्यांदा करता का?’ आणि रांधण्याची सारी रीत तेथेच, उकिडवी बसून, फुकट सांगते. ती रीत तिच्याच ओसरीवर, तिच्याच चुलीपाशी, दिवसाउजेडी, दहा-बारा माणसांच्या पंगतीला मोल घेऊन शिकविण्यास कोणत्या अधिसूचनेची आडकाठी आहे, हे वनखात्याने आणि महापालिकेने आधी पाड्यातल्या लोकांना सांगावे. बंगलेवाल्यांना काय सांगावयाचे ते त्यानंतर पाहता येईल.