खाणारा आपला असला की त्याला लाच म्हणायचं नाही का?

पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून कमेंट करणार असाल तर आत्ताच सोडून द्या, माझाही वेळ वाचेल.

गेल्या आठवड्यात आपल्या गावात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एक नगरसेवक घरकुलाचा अडलेला हप्ता सोडवून देण्यासाठी पैसे घेताना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सापडला. रक्कम पंधरा हजार. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात उभं राहायचंय. त्याचा पक्षही लिहीत नाही. पक्ष लिहिला की तुमच्यातले निम्मे इथेच वाचणं थांबवतील आणि उरलेले निम्मे टाळ्या वाजवायला लागतील. मला दोन्ही नको आहे.

फक्त एवढं सांगतो की मी गेल्या दोन निवडणुकांत त्याच पक्षाला मत दिलंय. तेव्हा "तू त्यांचा माणूस" हे म्हणायचं कष्ट घेऊ नका.

बातमी आल्यावर तासाभरात गावातले ग्रुप पेटले. एका ग्रुपवर "साहेबांविरुद्ध षड्यंत्र", "वाघाला पिंजऱ्यात टाकलं तरी तो वाघच असतो". दुसऱ्या ग्रुपवर फटाक्यांचे व्हिडिओ आणि पेढ्यांचे फोटो. रात्रीपर्यंत शंभर-दीडशे मेसेज झाले असतील. मी सगळे वाचले. त्यातल्या एकाही मेसेजमध्ये हा प्रश्न नव्हता की ज्या बाईचं घर अर्धवट पडलंय, तिचा हप्ता आता कोण देणार?

एकाही नाही. ना आपल्याकडून, ना त्यांच्याकडून.

शहरी घरकुलाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. तेही एकदम नाही. पाया झाला, फोटो काढला, हप्ता आला. भिंती झाल्या, फोटो काढला, पुढचा हप्ता. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याने जुनं घर पाडलेलं असतं, भाड्याच्या खोलीत संसार हलवलेला असतो, सिमेंटवाल्याची उधारी डोक्यावर असते. पावसाळा तोंडावर. अशा वेळी "फाईल अडकलीय, बघतो मी" हे वाक्य म्हणजे गळ्यावर ठेवलेला पाय असतो. नगरसेवकाची त्या फाईलवर सहीसुद्धा नसते! पण सही कोणाची आहे आणि ती का होत नाहीये हे त्याला माहीत असतं, आणि तेवढ्यावर धंदा चालतो.

आता आपल्या लोकांच्या प्रतिक्रिया एकेक करून घेऊ.

"हे षड्यंत्र आहे."

असू शकतं. राजकारणात माणसाला अडकवलं जातं, नाही म्हणत नाही. आणि कोर्टात सिद्ध होईपर्यंत तो आरोपीच आहे, गुन्हेगार नाही, हेही मान्य. पण सापळा कसा लागतो ते एकदा समजून घ्या. कोणी तक्रार केली की लगेच नोटा देऊन धाडत नाहीत. आधी पडताळणी होते. म्हणजे पंचांसमोर, आवाज रेकॉर्ड करून, समोरचा खरंच पैसे मागतोय का ते तपासतात. मागणी दिसली तरच पुढची तयारी. मग नोटांना पावडर लावतात, आणि त्या नोटा हाताळलेला हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. विरोधकांनी तक्रारदाराला फूस लावली असं समजू. तरी पैसे मागणारं तोंड विरोधकांचं होतं का? खिशात गेलेला हात विरोधकांचा होता का?

"त्यांच्या काळात काय कमी खाल्लं? तेव्हा कुठे होतात?"

हा सगळ्यात लाडका प्रश्न. उत्तर देतो. तेव्हा मी बोलत होतो, कारण तेव्हा खाणारे "त्यांचे" होते. माझी जुनी पोस्ट काढून बघा, काय तावातावाने लिहिलंय! आणि आपली सत्ता आल्यावर माझ्या पोस्ट बंद झाल्या, त्याही बघा. मी पण तुमच्यातलाच आहे. आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं, हे मीही वर्षानुवर्षं केलंय. म्हणून हे लिहितोय.

आणि आपल्या जळगाव जिल्ह्याएवढं शिक्षण या बाबतीत कोणाला मिळालंय? २०१६ च्या जूनमध्ये भोसरीच्या जमिनीच्या आरोपांवरून एकनाथ खडसेंनी मंत्रिपद सोडलं. ते तेव्हा भाजपमध्ये होते. राजीनामा मागणाऱ्यांत राष्ट्रवादी पुढे, आणि "नाथाभाऊंना अडकवलं" म्हणणारे भाजपचे कार्यकर्ते. ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ राष्ट्रवादीत गेले. जमीन तीच, आरोप तेच, माणूस तोच. फक्त दोन्हीकडच्या लोकांनी जागा बदलल्या. काल राजीनामा मागणारे "सूडाचं राजकारण" म्हणायला लागले आणि काल पाठराखण करणाऱ्यांना अचानक ती जमीन दिसायला लागली. आरोप खरे की खोटे हा माझा इथे मुद्दाच नाही. मुद्दा हा की आपल्यापैकी कोणीच कागद बघून मत बनवलं नव्हतं. सगळ्यांनी गळ्यातला रुमाल बघून बनवलं होतं.

राज्यात वर बघा. २७ जून २०२३ ला पंतप्रधान भोपाळच्या सभेत राष्ट्रवादीच्या घोटाळ्यांचा सुमारे सत्तर हजार कोटींचा हिशोब सांगतात. २ जुलैला अजित पवार त्यांच्याच पक्षाच्या सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतात. मध्ये पाच दिवस. 'आदर्श'वरून २०१० मध्ये अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं, त्यावर भाजपने किती सभा गाजवल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना पक्षात घेऊन राज्यसभेवर पाठवलं. पलीकडचे लगेच हसू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनी खुद्द गृहमंत्र्यांवर महिना शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला, तेव्हा आघाडीचे लोक पहिल्या दिवसापासून काय म्हणत होते? "षड्यंत्र." उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितल्यावर राजीनामा आला.

नेत्यांचं समजू शकतो, त्यांचा तो धंदा आहे. आपल्याला यातून काय मिळतं? ते वर गळ्यात गळे घालतात आणि इथे आपण त्यांच्यापायी सख्ख्या मित्राला ब्लॉक करून बसलेलो असतो.

"खातो, पण काम तरी करतो."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणतं, कारण ते चांगली माणसं बोलतात. जरा हिशोब करा. समजा दहा लाखांचा रस्ता आहे. त्यातले टक्के वाटले गेले. ते टक्के कंत्राटदार आपल्या बायकोचे दागिने मोडून देत नाही. ते रस्त्यातून जातात. खडी कमी, डांबर कमी, जाडी कमी. मग दुसऱ्या पावसात रस्ता उखडतो आणि तोच नगरसेवक "पाठपुरावा करून" नवा रस्ता मंजूर करून आणतो, त्याचा फ्लेक्स लागतो, आणि आपण म्हणतो, बघा, काम करतो! अहो, तो एकच काम दोनदा विकतोय.

घरकुलाचं तर याहून वाईट. तिथे टक्का सिमेंटमधून जात नाही, थेट गरिबाच्या ताटातून जातो.

"सगळेच खातात हो."

जळगावच्या घरकुलाची आठवण करून देतो, कारण नव्या पोरांना हे माहीतच नाही. गोरगरिबांसाठी अकरा हजारांवर घरं बांधायची होती. बांधून झाली ती जेमतेम दीड हजार. २००६ मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी पोलिसांत फिर्याद दिली. आपल्याच संस्थेतल्या वजनदार लोकांविरुद्ध एक अधिकारी उभा राहिला. त्यानंतर तेरा वर्षं! ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. सुरेश जैनांना सात वर्षं आणि शंभर कोटींचा दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. एक शिवसेनेचे माजी मंत्री, दुसरे राष्ट्रवादीचे माजी मंत्री. बाकीची मंडळी तोवर वेगवेगळ्या पक्षांत विखुरलेली. पुढे अपिलं उच्च न्यायालयात गेली, ती कायद्याची वाट आहे.

या यादीत मला दोन गोष्टी दिसतात. एक, खाताना पक्ष आडवा येत नाही, सगळे एका पंगतीत बसतात. पक्ष आठवतो तो फक्त पकडल्यावर. दुसरी, "सगळेच खातात" हे खरं नाही. तो फिर्याद देणारा अधिकारी खात नव्हता. कोर्टात उभे राहून खरं बोललेले साक्षीदार खात नव्हते. आपण "सगळेच" म्हणतो तेव्हा चोराला सूट देतो आणि या माणसांचा अपमान करतो.

आता त्या तक्रारदाराबद्दल. नाव लिहिणार नाही, गाव लहान आहे. आईच्या नावावर घरकुल, हा मुलगा रिक्षा चालवतो. परवा भेटला. म्हणाला, "दादा, पकडून दिलं तेव्हा वाटलं सुटलो. आता स्टँडवर कोणी बोलत नाही. एक जण म्हणतो तू त्यांच्याकडून किती घेतले? दुसरे येऊन सत्कार करतो म्हणतात, त्यांच्या ऑफिसात चल, हार घालतो. मला हार नको, मला पत्रे टाकायचेत घरावर."

हे ऐकून मी खाली बघितलं. आपल्या बाजूने त्याला विकलेला माणूस ठरवलं आणि त्यांच्या बाजूने त्याला फ्लेक्सवरचा फोटो ठरवलं. लाच द्यायला नकार देणारा या गावातला एक माणूस, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला एकटा पाडला.

आणि याचे परिणाम कोर्टात दिसतात. तक्रारदार वर्षानुवर्षं असाच एकटा पडला की साक्षीच्या वेळी फिरतो. "मला आठवत नाही" म्हणतो. आरोपी सुटतो. मग आपणच म्हणतो, बघा, निर्दोष सुटले, षड्यंत्रच होतं! डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की तक्रारदार फिरला किंवा हयात नसला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. चांगलं झालं. पण कोर्टाने सावरायची वेळ यावी इतकं आपण त्याला का पाडायचं?

एक गोष्ट आपल्या अंगावर पण घेऊ. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं येतात तेव्हा किती दारं बंद होतात? नाव घेत नाही, तुमच्या गल्लीचं तुम्हाला माहीत आहे, माझ्या गल्लीचं मला. ते पैसे त्याने शेत विकून आणलेले नसतात. ते पुढच्या पाच वर्षांचं भांडवल असतं, आणि वसुली त्या घरकुलवाल्या म्हातारीकडून होते. आपण घेतलेलं पाकीट तिने फेडलं, असा सरळ हिशोब आहे.

मग करायचं काय? क्रांती वगैरे नको. एवढंच:

१. आपल्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांना माझी जाहीर विनंती आहे. निकाल लागेपर्यंत त्या नगरसेवकाला पक्षातल्या सगळ्या पदांवरून बाजूला ठेवा. फाशी द्या म्हणत नाही, बाजूला ठेवा. आणि सुटून आल्यावर मिरवणूक काढू नका. निर्दोष ठरला तर हार घालायला मी स्वतः येईन.

२. पेढे वाटणाऱ्या मित्रांनो, तुमची सत्ता असतानाच्या घरकुलाच्या यादीची माहिती अधिकारात मागणी करू. अर्जावर तुमची आणि माझी, दोघांची सही. आहे तयारी?

३. त्या माऊलीचा हप्ता लगेच निघाला पाहिजे. तक्रार केली म्हणून फाईल आणखी खाली जाते, हा सगळ्यात जुना सूड आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायला जातोय. झेंडा न घेता ज्याला यायचंय त्याने यावं.

४. कोणाकडे पैसे मागितले जात असतील तर लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४ आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. पण तुम्हाला भाग पाडलं गेलं असेल आणि सात दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार धरत नाही. हे पाठ करा आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगा.

कमेंटमध्ये मला शिव्या पडणार हे माहीत आहे. "पक्षात राहून पक्षाची बदनामी" हा मेसेज तर ही पोस्ट टाकायच्या आधीच एकाने पाठवलाय. त्याला एवढंच विचारलं, बदनामी पैसे खाल्ल्याने झाली की मी लिहिल्याने? अजून उत्तर आलेलं नाही.

सोमवारी अकरा वाजता, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर. चार जण आले तरी चालेल.