फुकट ते पौष्टिक!

शुक्रवारची रात्र. अख्खं ऑफिस लोअर परळच्या कुठल्यातरी पबमध्ये, आणि मी घरी गादीवर लोळत लाकडं तोडतेय. हसू नका! मोबाइलच्या स्क्रीनवर एक ठेंगणी, चौकोनी चेहऱ्याची बाई (म्हणजे मीच) कुऱ्हाड घेऊन झाडाला भिडलीय. ठक, ठक, ठक... एक ओंडका मिळाला. परत ठक, ठक.

गेमचं नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. हे खूळ डोक्यात घातलं माझ्या धाकट्या भावाने. तो बंगळुरूला असतो. गेली दोन वर्षं आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलास?', 'हो, तू?' एवढ्यावरच आटपत होतं. एक दिवस म्हणाला, "ताई, हे डाउनलोड कर. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर आपण कधी नाही म्हणतो का?

थोडा इतिहास. मूळ रूनस्केप आला जानेवारी २००१ मध्ये, इंग्लंडच्या अँड्र्यू गोवर आणि त्याच्या भावांच्या डोक्यातून. पुढे केंब्रिजच्या जागेक्स कंपनीने त्यात इतके बदल केले की जुने खेळाडू वैतागले. आमचा जुना गेम परत द्या! मग २०१३ मध्ये कंपनीने ऑगस्ट २००७ चा बॅकअप बाहेर काढला आणि तो वेगळा गेम म्हणून सुरू केला. २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे. ग्राफिक्स थेट ऑर्कुटच्या जमान्यातले, हे आधीच सांगून ठेवते. नंतर तक्रार नको.

मला वाटलं होतं, जादूचं जग आहे तर पहिल्या पाच मिनिटांत ड्रॅगन येईल. कसलं काय! आधी कोळंबी पकडा, लाकूड तोडा, जाळ करा, त्यावर कोळंबी भाजा. मग लंब्रिजच्या किल्ल्यात एक आचारी भेटतो. सरदारसाहेबांचा वाढदिवस आहे, केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवंय. पीठ दुकानातून आणायचं नाही. शेतातून गहू घ्यायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर टाकायचा, खटका ओढायचा, मग खाली येऊन पीठ भरायचं. घरी पीठसुद्धा अॅपवरून मागवणारी मी, रात्री साडेअकराला दळण दळत होते. आणि सांगू? भारी मजा आली.

फुकटात काय मिळतं? बरंच. १५ कौशल्यं, भरपूर मोठा नकाशा, छोट्या-मोठ्या कामगिऱ्या. बाकीचं जग मेंबरशिपच्या कुंपणापलीकडे. मध्येच जाहिरात टपकत नाही. घेतला जातो तो वेळ, आणि तोही सणसणीत! कुठल्याही कौशल्यात ९९वी लेव्हल गाठायला सुमारे १ कोटी ३० लाख पॉइंट लागतात. ९२व्या लेव्हलला पोचलात की साधारण निम्मी वाट संपते. होय, निम्मीच! आमच्या एचआरला हे कळता कामा नये.

पण खरा किस्सा पुढेच आहे. नव्या फुकट खात्यावर खरेदी-विक्रीची बंधनं असतात. २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण १०० लेव्हल झाल्या की ती उठतात. माझी तिसऱ्या आठवड्यात उठली. तोवर मी वॅरॉक शहराबाहेरच्या खाणीत लोखंड खणत होते. पिशवीत २८ नग मावतात. भरली की बँकेत पळा, रिकामी करा, परत खाणीत. ते सगळं ग्रँड एक्स्चेंजला, म्हणजे तिथल्या मार्केट यार्डात विकलं आणि झाली ३० हजार नाणी. कसलं श्रीमंत वाटलं!

तिथेच एक जण ओरडत होता, पैसे दुप्पट करून देतो. मी १ हजार दिले, त्याने २ हजार परत केले. मग मी होते नव्हते तेवढे सगळे दिले.

गेला. क्षणात गायब!

दिवसभर लोकांना गुंतवणुकीतली जोखीम समजावून सांगणं हे माझं काम आहे, बरं का. आणि नसलेल्या नाण्यांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी! कुणाला सांगणार? रात्री पावणेबाराला भावाला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "ताई, मी आठवीत असताना सायबर कॅफेत जायचो ना, तासाला २० रुपये... तिथे मला एकाने सांगितलं, चिलखत दे, सोनेरी काठ लावून देतो, फुकट. मी दिलं. सहा महिन्यांची कमाई होती. त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून जेवलो नव्हतो, आठवतं? आई ओवा घेऊन मागे लागलेली."

आठवलं. चाचणी परीक्षेच्या भीतीने नाटकं करतोय, म्हणून मीच त्याला झापलं होतं.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? चिलखत गेलं म्हणून?"

दीड वाजेपर्यंत बोलत होतो. गेमबद्दल फार तर दहा मिनिटं. त्याने नोकरी बदलायचं ठरवलंय, हेही मला त्या रात्री कळलं.

आता तो म्हणतोय, बाँड देतो. बाँड म्हणजे खऱ्या पैशांनी किंवा गेममधल्या नाण्यांनी मिळणारं कूपन. एक वापरलं की १४ दिवसांची मेंबरशिप. मी म्हटलं, थांब जरा. माझे ३० हजार आधी मी खणून काढणार. तोही येतोय सोबत खणायला, त्याच्या लेव्हलला ते लोखंड म्हणजे भंगार असलं तरी. शनिवारी रात्री साडेदहा, वॅरॉकची खाण. पबवाल्यांनो, मला धरू नका!