विधेयक मांडले जाते तेव्हा आपण कुठे असतो?

(विठ्ठलवाडी आणि परिसरातील रहिवाशांना जाहीर आवाहन)



मार्च 2023 मधले ते दिवस आठवून पाहा. दिंडोरीहून पायी निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी कसारा घाट उतरून वासिंदला येऊन थांबले होते. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली आणि वासिंद. कल्याणपासून पाचवे स्थानक. आपली लाइन कर्जतची, त्यांची कसाऱ्याची, पण दोन्ही कल्याणात एक होतात. 16 मार्चला मुख्यमंत्र्यांबरोबर त्यांच्या प्रतिनिधींची बैठक झाली, बऱ्याच मागण्या मान्य झाल्याचे सांगण्यात आले. तरी माणसे जागची हलली नाहीत. मान्य केले ते सभागृहात मांडा, त्याचे आदेश खालपर्यंत पोचू द्या, मगच आम्ही घरी जाऊ, असे त्यांनी कळवले. दुसऱ्या दिवशी विधानसभेत निवेदन झाले. 18 तारखेला मोर्चा मागे घेतला गेला.

उन्हातान्हात चालून आलेल्या त्या लोकांना विधिमंडळाचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळले होते. बैठकीतला शब्द हवेत विरतो. सभागृहात मंत्र्याने दिलेले आश्वासन मात्र कामकाजात नोंदले जाते आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. हे जाणून ते मोकळ्या मैदानात बसून राहिले. त्याच दिवसांत आपण विठ्ठलवाडीहून रोजच्या गाड्या पकडून कामावर जात होतो आणि सभागृहात काय चालले आहे याची आपल्यातल्या फारच थोड्यांना खबर होती. मलाही नव्हती.

म्हणून हे आवाहन. येत्या अधिवेशनापासून शेतीविषयीचे प्रत्येक विधेयक मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत, किंवा मागे घेतले जाईपर्यंत, आपण विठ्ठलवाडीकरांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे आहे.

कुणी विचारेल, इथे शेती आहे कुठे? वालधुनीच्या काठावर आता भाजीचा वाफाही शोधून सापडायचा नाही. पण आपल्या इमारतीतल्या दारांवरची आडनावे वाचा. कुणी जुन्नरचा, कुणी साताऱ्याचा, कुणी खानदेशातला, कुणी रत्नागिरी-सिंधुदुर्गचा. बहुतेकांच्या गावी सातबाऱ्यावर नाव आहे, भाऊ किंवा पुतण्या जमीन कसतो आहे. रात्री माळशेज घाट उतरलेले टेम्पो मुरबाडमार्गे पहाटे कल्याणच्या बाजार समितीत लागतात. त्यातली मेथी, टोमॅटो, कांदा दुपारपर्यंत आपल्या स्टेशनबाहेरच्या टोपल्यांत येतो. म्हणजे पिकवणाराही आपला आणि खाणाराही आपलाच. त्या मालाचा व्यवहार कसा व्हावा हे ठरवणाऱ्या कायद्यावर हात वर करणारा आमदारही आपणच निवडून दिलेला असतो. आपल्यातला कुणी कल्याण पूर्वेत मत देतो, कुणी उल्हासनगरात. पदवीधरांना विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाचे आणखी एक मत असते, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझा धाकटा भाऊ ओतूरजवळ कांदा पिकवतो. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असा नियम केला. बातमी मी वाचली असणार, पण ती माझ्या मनात राहिली नाही. पुढच्या हंगामात भाऊ एका व्यापाऱ्याकडे माल घालून आला. हातात आलेल्या हिशेबाच्या पट्टीत हमाली होती, तोलाई होती, गाडीभाडे होते आणि आडतही कापलेली होती. भाऊ ती पट्टी घेऊन माझ्याकडे मुक्कामाला आला, आम्ही दोघांनी मिळून बेरीज तपासली, बेरीज बरोबर निघाली आणि आम्ही गप्प बसलो. आडत कापायची नाही असा कायदा आहे हे भावाला ठाऊक नव्हते आणि शहरात राहून रोज पेपर वाचणाऱ्या मलाही त्या क्षणी आठवले नाही. आपल्या बाजूने झालेला कायदा आपल्यालाच माहीत नसावा याची बोच अजून गेलेली नाही.

ज्यांचे लक्ष असते त्यांचे मात्र ऐकले जाते. नोव्हेंबर 2018 मध्ये बाजार समिती कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधानसभेत मंजूर झाले होते. वाशीच्या बाजारातले माथाडी आणि व्यापारी त्यावर नजर ठेवून होते. त्यांनी बाजार बंद ठेवला आणि सरकारने ते विधेयक विधान परिषदेतून मागे घेतले. 2023 च्या पावसाळी अधिवेशनात बोगस बियाणे, खते आणि कीटकनाशकांना आळा घालण्यासाठी पाच विधेयके आली, क्रमांक 40 ते 44. निकृष्ट बियाण्यामुळे नुकसान झाले तर शेतकऱ्याला भरपाई मिळावी, हा त्यांतला एक भाग. ती संयुक्त समितीकडे गेली. नोव्हेंबरात कृषी सेवा केंद्रवाल्यांनी विधेयकांच्या विरोधात तीन दिवस दुकाने बंद ठेवली. माथाडी असोत की दुकानदार, आपल्या पोटाशी संबंध असलेल्या विधेयकाविषयी बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्यांनी तो बजावला. माझे दुखणे वेगळे आहे. ज्याचे बियाणे उगवले नाही त्याच्या बाजूने, त्याच्याच गावाहून येऊन शहरात स्थिरावलेल्या आपण त्या समितीला एक पत्रसुद्धा लिहिले नाही.

जुलै 2021 मध्ये तर आपल्याला उघड निमंत्रण होते. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांवरून देश ढवळून निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली होती. राज्य सरकारने त्या कायद्यांत महाराष्ट्रापुरत्या दुरुस्त्या सुचवणारी तीन विधेयके 6 जुलैला मांडली आणि लोकांच्या सूचना-हरकतींसाठी दोन महिने खुली ठेवली. अधिवेशन होते अवघ्या दोन दिवसांचे. आदल्या दिवशी बारा आमदारांचे निलंबन झालेले, त्यामुळे जिकडेतिकडे बोलणे त्याचेच. विधेयकांत काय होते? व्यापाऱ्याला परवाना सक्तीचा करायचा. शेतकऱ्याचा छळ केल्यास कैद आणि दंडाची तरतूद. करार शेतीत हमीभावापेक्षा कमी दराचा करार चालणार नाही, पण दोघांची संमती असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी तसा करार करता येईल. या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. कर्ज डोक्यावर असलेल्या अल्पभूधारकाची संमती मोठ्या कंपनीसमोर कितपत मोकळी असते? माझ्या मते ती पळवाट होती आणि ती बुजवायला हवी होती. तसे सरकारला कळवायला पूर्ण दोन महिने होते. मी कळवले नाही. पुढे केंद्राने नोव्हेंबरात आपले कायदे रद्द केले, डिसेंबरच्या अधिवेशनात राज्याने ही तीन विधेयके मागे घेतली आणि तो विषय मिटला. पण पुढच्या वेळी विधेयक मागे घेतले जाईलच असे नाही.

लोक लिहितात तेव्हा फरक पडतो का? शेतीबाहेरचे एक उदाहरण घ्या. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. जुलै 2025 मध्ये ते मंजूर होताना मूळ मसुद्यात बदल झालेले होते. ते बदल पुरेसे होते की नाही यावर तुमचे-माझे मत वेगळे असू शकेल. पण मसुदा जसाच्या तसा राहिला नाही.

आपल्यात कोकणातून आलेली घरे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक मांडले. तेव्हा अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांचा संप चालूच होता. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चाने गेले. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. मधली बारा वर्षे ज्यांनी तो विषय मरू दिला नाही, त्यांच्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावे जमीन लागली. लिहिता-वाचता न येणारी कुळे एका विधेयकासाठी बोटीने आणि पायी मुंबई गाठत होती. आपल्याला सीएसएमटीला जायला लोकल आहे.

आता करायचे काय, ते सांगतो. राज्यात वर्षाला अधिवेशने तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात निघणाऱ्या अध्यादेशांवर विशेष लक्ष हवे. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेशाचे विधेयक मंजूर झाले नाही तर तो संपतो. म्हणून राजपत्रात शेतीचा अध्यादेश दिसला की पुढच्या अधिवेशनात त्याचे विधेयक येणार, असे धरून चाला.

विधेयक मांडले की त्याची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते. भाषा जड असते, घाबरू नका. आधी शेवटचे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचा, सरकारला काय करायचे आहे ते तिथे थोडक्यात असते. मग एकेक खंड घ्या. ‘मात्र’, ‘परंतु’ आणि ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द येतील तिथे पेन्सिलीने खूण करा. पळवाट बहुधा ‘परंतु’च्या मागे असते. आणि ‘विहित’ म्हणजे ती गोष्ट पुढे नियमांत ठरणार, सभागृहापुढे आज ती नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वेळ. विधेयक विचारार्थ घेतले जाते तेव्हा आमदाराला खंडांवर दुरुस्त्या सुचवता येतात. त्याची सूचना आधी द्यावी लागते. आपले पत्र त्याच्याही आधी आमदाराच्या हाती पडले तरच उपयोग. ‘शेतकऱ्यांचे भले करा’ असे मोघम लिहू नका. अमुक विधेयक, अमुक खंड, हे शब्द काढा, हे घाला, असे लिहा. खाली इमारतीतल्या जमतील तेवढ्या घरांच्या सह्या घ्या. विधानसभेत मंजूर झाले म्हणून संपले असेही समजू नका, विधान परिषद बाकी असते. 2018 मध्ये विधेयक अडले ते तिथेच. समितीकडे गेले तर समितीला लिहा.

हे एकट्याने होत नाही. म्हणून प्रत्येक चाळीतून, सोसायटीतून, गणेश मंडळातून, भजनी मंडळातून, गाववाल्यांच्या मंडळातून दोन-दोन माणसे पुढे यावीत. एकाने वाचावे, दुसऱ्याने गावी फोन करावा. तुमच्याकडे हमाली कशी कापतात, बियाण्याची पावती देतात का, करारावर सही करताना काय वाचून दाखवले, हे भावाला, मामाला, वहिनीला विचारून घ्यावे. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, वकिली शिकणारी मुले-मुली यांची इथे खूप गरज आहे. पक्ष कुठलाही असो, ज्याने-त्याने तो आपल्यापाशी ठेवावा. सत्ताधारी बदलतात, बाजार समितीचा काटा तोच राहतो.

येत्या अधिवेशनाची तारीख जाहीर होताच आपल्या सोसायटीच्या फलकावर ती लिहा आणि तिच्याखाली पुढे आलेल्या दोघांची नावे. नावे लिहिली की शेजारच्या इमारतीला कळवा. आमच्या इमारतीच्या फलकावर पहिले नाव माझे आहे. दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.