शिकार आणि नेमबाजी

शिकार, निशाणा, बंदूक हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. मराठीत आहेत तसेच ते उर्दूतही आहेत. 'शिकार हाही एक खेळच आहे,' असे म्हणणारी माणसे आपल्या बीड जिल्ह्यात आजही भेटतात. मला ते पटत नाही.

नेमबाजीचा खेळ शिकारीतून निघाला, हे खरे आहे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरे उडवून त्यांच्यावर गोळ्या झाडण्याची स्पर्धा झाली. सुमारे तीनशे कबुतरे मेली. पुढे कबुतरांची जागा हवेत फेकलेल्या तबकड्यांनी घेतली. इंग्रजीत त्या तबकडीला अजूनही 'मातीचे कबुतर' म्हणतात! नाव राहिले, जीव वाचला.

आता खरा नेमबाज कसा असतो, ते पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या लहान गावच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन प्रकारे नेम धरावा लागतो. लक्ष्य पन्नास मीटरवर असते आणि त्याचे मधले वर्तुळ जेमतेम एक सेंटीमीटरचे! तिथे श्वास आवरावा लागतो, मन शांत ठेवावे लागते. समोरचा खेळाडूही त्याच नियमांनी खेळतो. हरणाला असे नियम कोणी विचारले आहेत? हरलो तर मरायचे, हे त्याने कुठे मान्य केले होते?

पूर्वी राजेरजवाडे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करत. त्याला ते मर्दानी खेळ म्हणत. परिणाम काय झाला? १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली तो आफ्रिकेतून आणावा लागला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेची शिकार करण्याची वाटही बंद झाली. आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले. तरीही शिरूर कासार भागात हरणांची शिकार होत असल्याच्या तक्रारी २०२५ साली वर्तमानपत्रांत गाजल्या.

"हरणे आमचे पीक खातात, त्याचे काय?" असे तुमच्यापैकी एखादा शेतकऱ्याचा मुलगा विचारील. प्रश्न रास्त आहे. रात्र रात्र जागून शेत राखणे सोपे नाही. अशा नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण अंधारात दिव्याचा झोत टाकून हरीण टिपणारा माणूस पीक वाचवायला आलेला नसतो. शेतकऱ्याचे दुःख तो केवळ पुढे करतो.

नेम धरण्याची हौस वाईट नाही. ती मलाही आवडते. तुमच्या हाती गलोल आली, तर झाडावरचा होला सोडून द्या. मागे कोणी माणूस किंवा जनावर नाही ना, हे पाहून बांधावर एक रिकामा डबा ठेवा. वीस पावले मोजा आणि दहा खडे मारा. किती लागले, ते वहीत लिहून ठेवा आणि उद्या पुन्हा मारून पाहा.