झेंडा लागण्याआधीचं बुद्धिबळ

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि महिलांचा वर्ल्ड कप जिंकला. वय १९. स्पर्धेला निघाली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. परत आली ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होऊन. त्या दिवशी आपल्यातल्या कितीतरी जणांच्या स्टेटसला तिचा आईला मिठी मारून रडतानाचा फोटो होता. माझ्याही होता. खाली ठरलेली ओळ : देशाचं नाव उज्ज्वल केलं!

मला या ओळीबद्दलच बोलायचं आहे. ओळ खोटी नाही. पण ती नेहमी सगळं झाल्यावर येते, त्यामुळे म्हणणाऱ्याला काहीच पडत नाही. ज्याला पडतं तो तेव्हा दुसऱ्याच कामात असतो.

दिव्या एकदम बाटुमीत उगवली नाही. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला ती दहा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती झाली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालचा गट जिंकला. जून २०२४ मध्ये गांधीनगरला मुलींची ज्युनिअर जागतिक स्पर्धा ११ पैकी १० गुणांनी घेतली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि स्वतःच्या पटावरचं वेगळं सुवर्ण. आता जरा डोळ्यांसमोर आणा : आठ वर्षांची पोर डर्बनला एकटी जात नाही. कुणीतरी रजा टाकतं, कुणीतरी दवाखाना बंद ठेवतं, कुणीतरी व्हिसाच्या रांगेत उभं राहतं.

जागतिक युवा स्पर्धांचा साधारण नियम असा, की प्रत्येक देशाच्या प्रत्येक गटातल्या एका अधिकृत खेळाडूच्या राहण्या-जेवणाची सोय यजमान करतात. त्याच देशाचे बाकीचे खेळाडू स्वतःच्या खर्चाने. सोबतचे आईवडील तर अर्थातच स्वतःच्या खर्चाने. पटाशेजारी छोटा तिरंगा सगळ्यांच्याच लागतो, पण तिथवर पोचायचं तिकीट बऱ्याचदा घरातून निघतं.

म्हणूनच एक गोष्ट मला सारखी खटकते. दिव्याचे आईवडील दोघंही डॉक्टर. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झालेल्या गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन, आई मायक्रोबायॉलॉजिस्ट. अर्जुन एरिगैसीचे वडील न्यूरोसर्जन. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचे वडीलही डॉक्टर. आता यावर कुणी म्हणेल, डॉक्टरांची मुलं हुशारच असतात. मला तसं वाटत नाही. हुशारी सगळीकडे सारखी वाटलेली असते, सवड आणि पैसा तसा वाटलेला नसतो. आणि डॉक्टरांनाही हे सोपं गेलेलं नाही. गुकेशसोबत फिरता यावं म्हणून त्याच्या वडिलांनी प्रॅक्टिस थांबवली आणि मध्ये मित्रांच्या मदतीवर दिवस काढले. सर्जनच्या घराची ही गत, तर रोजंदारीवर जाणाऱ्या घराने काय करायचं? प्रज्ञानंदचे वडील बँकेत नोकरीला आणि आई त्याच्यासोबत जगभर फिरलेली, हे उदाहरण लगेच पुढे केलं जाईल. केलंच पाहिजे. पण एका उदाहरणावर रस्ता तयार होत नाही.

इथे नेहमीचं उत्तर येतं : बुद्धिबळ तर सगळ्यात स्वस्त खेळ! मैदान नको, बूट नको, दोनशे-तीनशे रुपयांचा पट घेतला की झालं. हे अर्धं खरं आहे. खेळायला पट पुरतो, पण खेळाडू म्हणून मोजलं जायला रेटिंग लागतं. पहिलं आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळवायचं तर आधीच रेटिंग असलेल्या किमान पाच खेळाडूंशी अधिकृत स्पर्धेत खेळावं लागतं. म्हणजे गावातल्या सगळ्यांना हरवून उपयोग नाही, कारण गावात कुणालाच रेटिंग नाही.

आमच्या खानवेलचं बघा. सेलवासपासून वीसेक किलोमीटर, पुढे दुधनी आणि मधुबनचं पाणी. घरात वारली किंवा कोकणा, बाजारात गुजराती, शाळेत मराठी नाहीतर इंग्रजी, अशी तीन-चार भाषांत सहज उडी मारणारी पोरं. फोनवर बुद्धिबळ खेळणारेही आहेत. आमच्या गल्लीतला आठवीतला एक मुलगा रोज रात्री अ‍ॅपवर कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांना हरवतो. त्याला विचारलं, स्पर्धेला का जात नाहीस? म्हणाला, "दादा, कुठं असती ती?" मला उत्तर देता आलं, पण ते उत्तर असं होतं : आधी सेलवास, मग वापी, मग ट्रेन, मग सुरत नाहीतर मुंबई. तीन दिवस राहायचं. सोबत मोठं माणूस हवं, त्याची तीन दिवसांची मजुरी बुडणार. एंट्री फी वेगळी. फॉर्म इंग्रजीत. तो हसला आणि पुन्हा फोनकडे वळला. रेटिंग खानवेलमध्ये मिळत नाही, ते तिकीट काढून आणावं लागतं.

आणि तो मुलगा आहे म्हणून निदान गोष्ट तिकिटापर्यंत तरी पोचली. मुलगी असती तर?

बुद्धिबळात मराठी मुलींचा इतिहास खरं तर मोठा आहे. मुलींचं नाव काढलं की "अपवाद" म्हणायची सवय सोडायला तेवढा पुरेसा आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. मग तिच्या बहिणी, जयश्री आणि रोहिणी. कितीतरी वर्षं ते विजेतेपद या एकाच घरात फिरत राहिलं. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा तिच्या खेळण्यावरच हरकत घेतली गेली. प्रकरण थेट फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं आणि स्त्री आहे म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही असा निर्णय आला.

याला जवळजवळ पन्नास वर्षं झाली. जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्सची स्पर्धा खेळून झाल्यावर, १८ वर्षांच्या दिव्याला इन्स्टाग्रामवर लिहावं लागलं की लोक माझे डाव बघत नाहीत, कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. दीड वर्षाने तिने वर्ल्ड कप जिंकला आणि ती "देशाची लेक" झाली. मधल्या काळात आपण काय बघत होतो, हे आपलं आपल्याला ठाऊक. गंमत म्हणजे पटावरच्या सगळ्यात ताकदवान सोंगटीला इंग्रजीत राणी म्हणतात आणि मराठीत वजीर. इंग्रजीत राणी असूनही तिकडचे प्रेक्षक केसांकडेच बघतात, त्यामुळे यात भाषेला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. या युवा स्पर्धांना जाणारी बहुतेक मुलं पदकाशिवाय परत येतात. आठ-दहा वर्षांचं पोर परक्या देशात अकरा दिवस रोज एकटं पटासमोर बसतं, चार-पाच डाव हरतं, रडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतं. तेही देशाचं प्रतिनिधित्वच असतं. त्याचं कुणी स्टेटस ठेवत नाही. हरलेल्या मुलाला शाळेत परत आल्यावर "काय झालं मग?" यापलीकडे आपण काही विचारणार नसू, तर जिंकलेल्याच्या झेंड्यावर हक्क सांगताना थोडी लाज वाटायला हवी.

मग वाङ्मय मंडळाने यात काय करायचं? कुणी म्हणेल, क्रीडा विभागाचं काम आहे. मला वाटतं, आपलंही आहे. एक तर मोठ्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. लिहिलेला डाव पुन्हा वाचायचा, कुठे चुकलं ते शोधायचं, हे आपण वर्गात कवितेचं करतो त्यापेक्षा फार वेगळं नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. स्पर्धेची पत्रकं, नोंदणीचे फॉर्म, प्रायोजकाला लिहायचा अर्ज, पासपोर्टची कागदपत्रं, हे सगळं इंग्रजीत असतं आणि खानवेलच्या आईबापाला तिथेच धाप लागते. आपल्याकडे पैसे नाहीत, ग्रँडमास्टर नाही. पण दोन भाषा आहेत. त्या फक्त परीक्षेत आणि रील्सच्या कॅप्शनमध्ये वापरायच्या असं कुठे लिहिलंय?

माझी सूचना साधी आहे. दर शनिवारी ग्रंथालयाच्या एका टेबलावर दोन पट मांडू या, बाहेरच्या शाळांतल्या मुलांनाही येऊ देऊ या. मुली निम्म्या असतील याची पहिल्याच दिवसापासून काळजी घेऊ या, "मुली आल्याच नाहीत" हे कारण नको. जवळपास कुठे रेटिंग स्पर्धा आहे ते दर महिन्याला मराठीत एका पानावर लिहून शाळांना देऊ या. वर्षातून एकदा, दोन मुलं आणि एक मोठं माणूस, एवढ्यांचं तिकीट आपण वर्गणीतून काढू या. गॅदरिंगच्या बॅनरचा खर्च कमी केला तरी भागेल.

यातून दिव्या निघेल असा माझा दावा नाही. तिच्या मागे नागपूरचे राहुल जोशी सर होते, तिचे पहिले प्रशिक्षक. २०२० मध्ये ते गेले. वर्ल्ड कप घेऊन नागपूरला उतरल्यावर दिव्याने त्यांची आठवण काढली, कारण ती ग्रँडमास्टर व्हावी असं त्यांना वाटायचं. त्यांच्यासाठी कुणी स्टेटस ठेवलं नव्हतं. आठवीतला तो मुलगा कदाचित पहिल्या स्पर्धेत सगळे डाव हरेल. हरू दे. निदान "कुठं असती ती?" हे त्याला विचारावं लागणार नाही. तारीख ठरवायची असेल तर पुढच्या मीटिंगला हा विषय घ्या. पट मी आणतो.